वाईट दिवसाच्या मापाने: नोकरी-घर सांभाळून इबादतीची सवय कशी लागते?

प्रश्न असा आहे: "आपा, मी बत्तीस वर्षांची. पूर्णवेळ नोकरी, जाण्यायेण्यात अडीच तास, घरी दोन मुलं; धाकटी दोन वर्षांची. दर रमजानमध्ये ठरवते की आता रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग), सकाळ-संध्याकाळचे अजकार (अल्लाहच्या स्मरणाचे शब्द), तहज्जुद (उत्तररात्रीची ऐच्छिक नमाज), सगळं चालू ठेवायचं. ईदनंतर दोन आठवड्यांत सगळं सुटतं, आणि पुढे तर फर्ज (बंधनकारक) नमाजही कजा व्हायला (वेळ टळून राहायला) लागते. लहान सवयींनी सुरुवात कर, असं सगळे सांगतात. पण लहान म्हणजे नेमकं किती? आणि कुठून सुरू करू? तहज्जुद तर मला फार हवी आहे."

बेटा, तू आळशी नाहीस. आळशी माणूस असे प्रश्न विचारत नाही. तुझं माप चुकतंय. रमजानमध्ये सगळ्या घराचं घड्याळ बदललेलं असतं, आजूबाजूला सगळे रोजे धरून असतात, सहरीला उठायचंच असतं म्हणून तहज्जुद आपोआप पदरात पडते. त्या महिन्याच्या मापाने शिवलेला कपडा तू शव्वालमध्ये, रमजाननंतरच्या महिन्यात, घालायला जातेस. तो अंगावर कसा राहील?

मी सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टमध्ये काम केलं आणि गेली सोळा वर्षं नोकरदार बायकांना संध्याकाळी कुरआन वाचायला शिकवते, तरी हीच चूक मीही केलेली आहे. एका रमजानमध्ये मी पट्टीने रेघा मारून वहीत तक्ता आखला होता. चौदा रकाने. पाच नमाजा, सुन्नत, वित्र (इशानंतरची रात्रीची नमाज), चाश्त (सकाळची ऐच्छिक नमाज), पारा, दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), इस्तिगफार (क्षमायाचना), सकाळचे अजकार, संध्याकाळचे अजकार, सदका (दान). झालं की हिरवी खूण, राहिलं की लाल. ईदनंतर नवव्या दिवशी नाइट ड्युटी लागली. घरी येऊन पडले ती थेट दुपारी उठले. त्या दिवसाचे रकाने कोरे राहिले. दुसऱ्या दिवशी निम्मे लाल. तिसऱ्या दिवसापासून मी वहीच उघडली नाही, कारण उघडली की ती माझ्यावर डोळे वटारायची. पुढे कित्येक महिने ती वही शिवणाच्या दोऱ्यांच्या डब्याखाली पडून होती. पुढच्या रमजानला मी काय केलं असेल? नवी वही आणली.

अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी नित्य होतो, ही हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचं वचन) तू शंभरदा ऐकली असशील. तिच्या शेजारी हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची गोष्ट ठेवून बघ, मग ती खरी कळते. तरुण माणूस, अंगात दम. रोज रोजा, आणि रात्रभर उभं राहून कुरआन संपवायचा. पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना सांगितलं, महिन्यात एकदा कुरआन पुरा कर, महिन्याला तीन रोजे धर. ते म्हणाले, माझ्यात याहून जास्त ताकद आहे. असं म्हणत म्हणत त्यांनी सात दिवसांत एक कुरआन आणि एक दिवसाआड रोजा एवढं पदरात पाडून घेतलं. पुढे म्हातारपण आलं. तेव्हा ते म्हणायचे, ती सवलत मी घेतली असती तर किती बरं झालं असतं. पण ठरवलेलं सोडवतही नव्हतं. मग रात्री वाचायचा भाग ते दिवसाच घरातल्या कुणाला तरी म्हणून दाखवायचे, म्हणजे रात्री तो हलका जाईल. फार अशक्तपणा आला की काही दिवस रोजे सोडायचे, ते मोजून ठेवायचे आणि नंतर तेवढे भरून काढायचे. एवढ्या मोठ्या सहाबींचं, पैगंबरांच्या साथीदाराचं, मापही तरुणपणाच्या अंगाने घेतलेलं होतं, आणि ते त्यांना म्हातारपणी जड गेलं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच हिशेब करायला लावते. गेल्या दोन महिन्यांतला सगळ्यात वाईट दिवस आठव. मुलीला ताप, ऑफिसात महिनाअखेर, घरी पाहुणे, तुझं स्वतःचं डोकं दुखतंय. त्या दिवशी सुद्धा जे तू करू शकली असतीस, तेवढीच तुझी सवय. त्याच्या वर जे होईल ते अल्लाहची मेहरबानी. ते मनात धर, पण वहीत मांडू नकोस. हे माप लाज वाटावी इतकं लहान निघतं. निघू दे.

आता कुठून सुरू करायचं. फर्जापासून, आणि यात मी सूट देत नाही. हदीसे कुदसीत अल्लाह सांगतो, माझा बंदा माझ्या जवळ येतो तो मी फर्ज केलेल्या गोष्टींनीच, याहून मला प्रिय असं दुसरं काही नाही. नफ्लाची, म्हणजे ऐच्छिक इबादतीची, गोष्ट त्यानंतर येते. तुझ्या पाच नमाजा (पहाटेची फजर, दुपारची जोहर, उतरत्या दुपारची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब, रात्रीची इशा) वेळेवर लागत नाहीत तोवर पारा, तहज्जुद, चाश्त सगळं बाजूला ठेव. दिवसभराच्या फर्ज रकाती (नमाजेची आवर्तनं) १७. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: जोहरच्या चार फर्जांना, रुकू-सजदे (वाकणं आणि कपाळ जमिनीला टेकणं) सावकाश करून, मला साडेसहा मिनिटं लागली. पाचही वेळचे फर्ज धरले तर अर्ध्या तासाच्या आत काम होतं. तेव्हा वेळ मिळत नाही हे पूर्ण खरं नाही. जागा मिळत नाही, वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) टिकत नाही, सांगायची लाज वाटते, ही खरी कारणं आहेत, आणि या प्रत्येकाला इलाज आहे.

आधी चार-पाच दिवस नुसतं बघ: कोणती नमाज जाते आणि नेमकी कुठे जाते. "माझी नमाज सुटते" असं मोघम म्हणू नकोस. माझ्या वर्गातल्या बायकांच्या एक-दोनच नमाजा जातात, आणि त्या ठरलेल्या जागीच जातात. कुणाची असर ऑफिसच्या शेवटच्या तासात, कुणाची मगरिब प्रवासात, कुणाची फजर झोपेत. तुझा अडीच तासांचा प्रवास बघता मला मगरिबचा संशय आहे. मगरिबची वेळ पाचांत आखूड, घरी पोचून आधी मुलीला घेतलं की गेलीच. ऑफिसातून निघतानाच वुजू करून निघत जा. मग वाटेत जिथे स्वच्छ कोपरा मिळेल तिथे तीन फर्ज होऊन जातील. पिशवीत घडी होणारं पातळ जानमाज (नमाजेची चटई) कायम ठेव, घरच्या चांगल्या मुसल्ल्याची वाट बघत बसू नकोस.

वुजूची अडचण बहुतेक पायांची असते. ऑफिसच्या बेसिनमध्ये पाय वर उचलून धुवायचा, खाली पाणी सांडणार, मागून कुणी आलं तर बघत राहणार; हे रोज दोनदा करायला कुणाला आवडेल? सकाळी पूर्ण वुजू करून चामड्याचे मोजे, खुफ्फैन, घातले तर पुढे वुजू तुटल्यावर पाय धुवावे लागत नाहीत. ओला हात मोज्याच्या वरून फिरवला की झालं. मुक्कामी माणसाला ही सवलत २४ तास आहे, मुसाफिराला ७२ तास. साध्या पातळ मोज्यांवर मात्र बहुतेक उलमा मसह (असा ओला हात फिरवणं) मानत नाहीत, तेव्हा मोजे घेताना आपल्या मजहबाची (हनफी, शाफई अशा परंपरेची) अट विचारून घे. एवढ्या एका गोष्टीने माझ्या वर्गातल्या दोघींची जोहर-असर मार्गी लागली आहे. सवय लागत नाही म्हणून त्या वर्षभर स्वतःला दोष देत होत्या, आणि अडचण होती ओल्या पायांची.

लाजेचं म्हणशील तर पहिली दोन वर्षं मी सामानाच्या खोलीत लपून नमाज पढले. कान दाराकडे, सजद्यात असताना बाहेर पावलं वाजली की दचकायची. तिसऱ्या वर्षी हिंमत करून वरिष्ठ बाईंना सांगितलं, मला दुपारी सात मिनिटं आणि संध्याकाळी सात मिनिटं लागतात, काम अडणार नाही. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? जा की." सगळीकडे असंच उत्तर मिळेल असं मी म्हणत नाही. पण मिनिटांत सांगितलं तर समोरच्याला हिशेब करता येतो. "प्रार्थनेसाठी वेळ हवा" म्हटलं की त्याला तासभर वाटतो.

फजरचं गणित आदल्या रात्री सुटतं. इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबर साहेबांना (स.) पसंत नव्हतं. आज गप्पांच्या जागी मोबाइल आहे. इशाची वेळ लागली की लगेच पढून घे, मुलं झोपल्यावर निवांत पढीन म्हणू नकोस. त्यांना झोपवता झोपवता तूच झोपतेस हे मला माहीत आहे. अलार्मचा फोन उशाशी न ठेवता जिथे वुजू करतेस तिथे ठेव.

आणि तरी झोप लागलीच तर? जाग येताच पढ. झोपेत किंवा विसरून राहिलेल्या नमाजेचा हुकूम तोच आहे. खैबरहून परतताना खुद्द पैगंबर साहेबांचा (स.) काफिला फजरला झोपून राहिला होता. पहाऱ्यावर हजरत बिलाल (रजि.) होते, तेही उंटाला टेकले आणि डोळा लागला. ऊन अंगावर आलं तेव्हा सगळे जागे झाले. मग ती जागा सोडून थोडं पुढे गेले आणि तिथे रीतसर फजर पढली. तुझं मात्र फजर गेली की दिवसच गेला असं होतं, आणि त्या रागात जोहरही जाते. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे.

फर्ज लागले, असं निदान महिनाभर दिसलं, की मग एक गोष्ट जोड. दोन नकोत. महिनाभर अशासाठी की महिन्यात सगळ्या तऱ्हेचे दिवस येऊन जातात: पगाराचा आठवडा, महिनाअखेर, कुणाचं तरी आजारपण, आणि तुझे पाळीचे दिवस. जी सवय हे सगळं पार करून उभी राहते तीच तुझी. नवी गोष्ट दिवसात कुठेतरी मोकळी सोडू नकोस, नमाजेच्या शेपटाला बांध. "दिवसातून शंभरदा दरूद" हे दिवसात हरवतं. "असरचा सलाम फेरला (नमाज संपली) की मुसल्ल्यावरून उठायच्या आधी" हे हरवत नाही.

पहिली जोड म्हणून मी नमाजेनंतरची तस्बीह देते. ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३३ वेळा अल्लाहु अकबर, आणि शंभर भरायला एकदा ला इलाह इल्लल्लाहु वहदहू ला शरीक लहू हा पूर्ण कलिमा. माळ शोधत बसू नकोस, उजवा हात पुरतो. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं होतात. करंगळीच्या खालच्या पेरापासून अंगठा वर सरकवत जायचं. बोटांच्या दोन फेऱ्या म्हणजे चोवीस, तिसऱ्या फेरीत करंगळी, अनामिका आणि मधलं बोट म्हणजे आणखी नऊ. झाले तेहतीस. तर्जनी राहिली की समजायचं, पुढचा शब्द. आठवड्याभरात हात स्वतःच मोजायला लागतो आणि डोकं शब्दांच्या अर्थाकडे जायला मोकळं होतं. सावकाश म्हटलं तरी तीन मिनिटांच्या आत होतं. पाचही नमाजांना नको, एकीला लाव. माझ्या मते जोहरला, कारण तेव्हा दिवसाच्या मधोमध थांबायची सगळ्यात जास्त गरज असते.

झोपतानाची तस्बीह याचीच बहीण आहे, फक्त तिच्यात अल्लाहु अकबर ३४ वेळा. ती कुणाला आणि का शिकवली गेली हे तुझ्यासारखीला माहीत असायला हवं. हजरत फातिमा (रजि.) यांचे हात जातं ओढून ओढून सोलवटले होते. वडिलांकडे त्या घरकामाला एक खादिम मागायला गेल्या. रात्री पैगंबर साहेब (स.) त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, मागितलंस त्याहून चांगलं देऊ का? आणि अंथरुणावर पडताना म्हणायचे हे शब्द दिले. म्हणजे ही तस्बीह निवांत बसलेल्या माणसासाठी नव्हतीच, दिवसभर राबून अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या बाईसाठी होती. हजरत अली (रजि.) पुढे म्हणायचे की ऐकल्यापासून मी ती कधी सोडली नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. सिफ्फीन म्हणजे इसवी सन ६५७ची ती लढाई, जिच्यात मुसलमान मुसलमानांसमोर उभे होते. वाईट दिवसाचं माप म्हणतेय ते हेच.

कुरआनचं माप वेगळं. मदिनेत छापल्या जाणाऱ्या मुसहफची (कुरआनच्या प्रतीची) पानं ६०४, आणि एका पाऱ्याची साधारण २०. रोज एक पारा म्हणजे रोज २० पानं. हे तुझ्या आजच्या आयुष्यात बसत नाही आणि त्यात गुन्हा काही नाही. रोज एक पान म्हटलंस तर सुमारे एक वर्ष आठ महिन्यांत कुरआन पुरा होतो. दोन पानं म्हटलंस तर दहा महिन्यांत. गेल्या पाच वर्षांत रमजान सोडून किती वेळा कुरआन पुरा झाला, हे स्वतःला विचार, म्हणजे एका पानाला कमी लेखणार नाहीस. मी तर कमीत कमी माप तीन आयतींचं सांगते. बसलीस की पान होतंच बहुधा, पण तापाच्या दिवशी तीन आयतींवर उठलीस तरी सवय मोडलेली नाही. वाचताना अडखळत असशील तर पानाला दहा मिनिटं लागतील. लागू देत, अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) सांगितला आहे.

एक निरीक्षण सांगते, राग मानू नकोस. पुष्कळ घरांत कुरआन कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर मखमली कापडात बांधून ठेवलेला असतो. अदब आहे, कबूल. पण तो काढायला स्टूल लागतं, आणि वाईट दिवशी कुणी स्टूल आणत नाही. मुसहफ जिथे नमाज पढतेस तिथे, हाताला येईल अशा स्वच्छ रिहालीवर (कुरआन ठेवायच्या घडीच्या स्टँडवर) ठेव. मोबाइलवर प्रवासात तिलावत ऐक, जरूर ऐक. वाचायला मात्र मी छापील मुसहफच सांगते. मोबाइलवर दुसऱ्या आयतीला कुणाचा तरी मेसेज टपकतो आणि मग आपण तिकडचेच होतो. सलग दिवस मोजणारी ॲप्सही मला आवडत नाहीत. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि तो शून्य माझ्या चौदा रकान्यांच्या वहीसारखाच वागतो.

चुकलं तर भरायची वाट शरियतने आधीच करून ठेवली आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याकडून हदीस आहे की रात्रीचा ठरलेला पाठ झोपेमुळे राहिला आणि तो फजर ते जोहरच्या दरम्यान वाचला, तर रात्रीच वाचल्यासारखा लिहिला जातो. तुझ्यासाठी नियम सोपा: रात्रीचं पान राहिलं तर दुपारच्या नमाजेच्या आत. त्यानंतर त्याचा पाठलाग करायचा नाही, आजचं आज. आजारी आणि प्रवासी माणसासाठी तर धडधाकट असताना, घरी असताना तो जे करत होता ते लिहिलं जातं. अर्थात त्यासाठी धडधाकट असताना काहीतरी नित्य करत असायला हवं.

पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. पण सवयी इथेच मोडतात: आठवडाभर ती वेळ रिकामी राहते, तिच्यात दुसरं काहीतरी येऊन बसतं आणि मग उठत नाही. म्हणून जागा सोडू नकोस. जोहरच्या वेळेला त्याच कोपऱ्यात पाच मिनिटं बस, तस्बीह म्हण, दरूद म्हण, दुआ माग. यात कुणाचाच मतभेद नाही. कुरआन तिलावतीबद्दल मतं वेगळी आहेत, तुझ्या आलिमाला विचार.

धाकटीचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस, पण मला ती सजद्यात पाठीवर चढताना दिसतेच आहे. चढू दे. पैगंबर साहेब (स.) नात उमामा हिला अंगावर घेऊन नमाज पढत, सजद्याला जाताना खाली ठेवत, उठताना परत उचलून घेत. मूल रडताना ऐकू आलं की जमातीची नमाजही ते आटोपती घेत. मूल मोठं झाल्यावर नीट पढीन म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मुलं मोठी होतात, पण तोवर नमाजेची सवय गेलेली असते.

जुन्या कजा नमाजांचा डोंगर असेल तर चारही मजहबांत त्या भरायच्याच आहेत. प्रत्येक चालू फर्जाबरोबर त्याच वेळची एक कजा पढत गेलीस तर जितक्या वर्षांच्या राहिल्या तितक्या वर्षांत फिटतात. पण हेही चालूच्या नमाजा लागल्यावर. आणि स्वयंपाक, नोकरी, मुलं हीसुद्धा नियत केली तर इबादतच, असं तुला कुणी ना कुणी सांगेल. खरंच आहे ते. फक्त हे वाक्य असर कजा करून बसलेल्या माणसाच्या तोंडी मला सोसत नाही.

आता तहज्जुद. तुझी हौस मोडायची नाही, पण या वर्षी तिचा नंबर शेवटचा. जिला पहाटे जाग येण्याची खात्री नाही तिने वित्र झोपण्याआधीच पढून घ्यावी, असंच सांगितलेलं आहे. तर इशानंतर वित्रच्या आधी दोन रकाती नफ्ल पढ, रात्रीच्या नमाजेच्या नियतीने. कियामुल्लैलची, म्हणजे रात्रीच्या नमाजेची, वेळ इशानंतरच सुरू होते. कधी पहाटे आपसूक जाग आली तर तेव्हाही दोन रकाती पढ, वित्र परत पढायची नाही. तीन-चार महिने फजर सुटली नाही असं दिसलं, तर अलार्म फजरच्या पंधरा मिनिटं आधी लाव. तोही फक्त त्या रात्री, ज्या रात्री दहाच्या आत डोळा लागण्याची शक्यता आहे. बाकीच्या रात्री तो बंद ठेव आणि झोप.